नीटोबाची धास्ती

३ मार्च, सोमवार

अखेर पार्सल आलं. चाळीस राक्षस, एका खाकी पाकिटात. प्रत्येकावर फक्त नंबर. लिहिणाऱ्यांची नावं संपादकबाईंनी झाकून ठेवलीत, म्हणजे परीक्षकाने कुणाचं तोंड बघून मार्क द्यायला नकोत. पद्धत योग्य आहे. पाकिटावर माझ्या नावातली वेलांटी मात्र चुकली आहे, ते कळवतो.

सातवेशी पुन्हा निघतंय यावर अजून विश्वास बसत नाही. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एक जण खेळवणारा, तो गोष्ट सांगतो आणि राक्षस चालवतो. बाकीचे आपापलं पात्र घेऊन सात वेशींच्या त्या शहरात हिंडतात आणि अडले की फासे टाकतात. अकरा वर्षं मी खेळवणारा होतो. मला परीक्षक म्हणून बोलावलं यात नवल काहीच नाही. तेवीस वर्षांपूर्वी खेळाच्या नियमांतल्या दोनशे बारा चुका मी यादी करून प्रकाशकांना पाठवल्या होत्या. त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांनी खेळ बंद केला, पण त्या दोन गोष्टींचा काही संबंध नाही.

या वेळी नवे राक्षस लोकांकडून मागवलेत. पाच जण निवडणार. त्या पाच जणांना वर्षभर प्रकाशकांच्या शहरात राहून तिथल्या लेखनशाळेत काम मिळणार. म्हणजे कुणाकुणाचं आयुष्य माझ्या पेनाच्या टोकावर आहे. जबाबदारीचं काम.

जेवताना सांगितलं की महिनाभर टेबलाचा खिडकीकडचा भाग माझा, तिथे कुणी काही ठेवायचं नाही. ही "बरं" म्हणाली. लेकीने अर्धी पोळी ताटात टाकली आणि पोट भरलं म्हणून उठली. परीक्षा जवळ आली की तिचं असंच होतं. हिशेबनिशीचं शेवटचं वर्ष आहे. हा कोर्स मीच निवडून दिला म्हणून निदान मार्गी तरी लागली.

६ मार्च, गुरुवार

अकरा झाले. जुना गाळमाणूस परत आणलाय. खंदकातून निघतो, पाय धरतो. पूर्वी त्याची धास्ती वीसपैकी नऊ होती, आता चौदा. कशाच्या जोरावर? दात वाढवले म्हणून? आरशातली म्हातारी तिघांनी पाठवली आहे, तिन्ही म्हाताऱ्या सारख्याच. सावली खाणारा कुत्रा ठीक आहे, पण ढगाळ दिवशी तो काय खाणार हे लिहिलेलं नाही.

मन थाऱ्यावर नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की बसावंसं. ऑफिसात आज तीन वजनकाटे नापास केले. माझं कामच ते: काटे आणि वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का, नसतील तर परत. प्रमाण वजनाला आम्ही नुसत्या हाताने शिवत नाही, कारण बोटाचा घामही वजनात भरतो. नवीन आलेल्या बाईने आज नुसत्या हाताने उचललं. मी चारचौघांत समजावून सांगितलं. डबा खायला ती आमच्यात आली नाही, भूक नसेल.

९ मार्च, रविवार

सकाळी लेक चहाचा कप घेऊन टेबलाशी रेंगाळली. स्वतःहून आली, मला आनंद झाला.

"किती झाले बाबा?"

"सव्वीस."

"म्हणजे आता सत्तावीस."

"सव्विसानंतर सत्तावीसच येतात. आणि कप तिथे नको, डाग पडतो."

"बरं," म्हणाली आणि कप उचलून गेली. सत्तावीस नंबर वाचत होतो तोवर दोनदा पाणी प्यायला आली. उन्हाळा सुरू झालाच म्हणायचा.

सत्तावीस नंबर म्हणजे कमाल आहे. राक्षसाचं नाव नीटोबा. मजकूर इथे उतरवून ठेवतो:

"नीटोबा दार वाजवत नाही. त्याचे कपडे स्वच्छ असतात. तो मारत नाही, चावत नाही. तो आधी दिवा सरळ करतो, मग चादर, मग तुमचं वाक्य. ज्याचं वाक्य तो नीट करतो, त्याचं ते वाक्य कायमचं जातं. सगळी वाक्यं गेली की माणसाकडे एकच शब्द उरतो: बरं. दर 'बरं'मागे नीटोबाचं बळ एकाने वाढतं. त्याला वाटतं, माणसं खूश आहेत."

पुढे "हरवण्याचा उपाय" हा रकाना चक्क कोरा. कोरा! राक्षस करायचा आणि तो मरतो कसा ते सांगायचं नाही, याला काय म्हणावं? शिवाय नावच चूक आहे. 'नीट'ला 'ओबा' कसा लागेल? नीटासुर हवं. आणि 'बरं' हा होकार आहे. होकार देऊन कुणाचं काय नुकसान झालंय आजवर?

एक मात्र मान्य करतो, घराचं वर्णन झकास आहे. न्हाणीघराचं दार जरा उचलून लावावं लागतं, खणातले सगळे चमचे एकाच दिशेला तोंड करून असतात. हुबेहूब आमचं घर! लिहिणारा शिस्तीच्या घरात वाढलेला दिसतो. त्याचे आईवडील भेटले तर अभिनंदन करीन.

१६ मार्च, रविवार

कागदावरचा राक्षस खेळल्याशिवाय कळत नाही हे माझं जुनं मत. म्हणून आज दवाखान्यात डाव मांडला. दंतवैद्य माझा शाळेपासूनचा मित्र, सातवेशीतही सोबत असायचा. रविवारी त्याची बाहेरची खोली रिकामी असते. जबड्यांच्या तक्त्यांखाली तीन खुर्च्या लावल्या. तिसरी हिची. लेकीलाही चल म्हटलं. कुठला राक्षस, असं तिने विचारलं. सत्तावीस म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला, अभ्यास आहे म्हणाली. राक्षसांना घाबरते अजून, वेडी.

मी नीटोबा झालो. दंतवैद्य शिपाई, ही सराईची मालकीण. मी दार न वाजवता आलो. दिवा सरळ केला. ही म्हणाली, "पाव्हणं, बसा, पाणी आणते." मी म्हटलं, "पाव्हणं नाही, पाहुणे." ती म्हणाली, "सराईची मालकीण अशीच बोलेल ना?" मी म्हटलं, "मालकीण असली म्हणून काय झालं, आणि घडा असा कडेवर नाही घ्यायचा." नियमाप्रमाणे तिचं एकेक वाक्य जात होतं. पाच मिनिटांत तिची सगळी वाक्यं संपली. फासे टाकायची तिची पाळी आली तर ती फासे हातात घेऊन नुसती बसून राहिली, आणि मग उठून नळावर गेली. नळ बराच वेळ चालू होता. पाणी वाया घालवायची तिला सवय नाही खरं तर.

दंतवैद्य माझ्याकडे बघत राहिला. "तू हे फार छान करतोस रे," म्हणाला. "तयारी केली होतीस?"

"अजिबात नाही. आपोआप जमलं."

"तेच म्हणतो," तो म्हणाला आणि फासे डबीत भरायला लागला. डाव अर्ध्यावर राहिला. म्हणजे राक्षस पकड घेत नाही हे सिद्ध झालं.

१७ मार्च, सोमवार

हिचं डोकं दुखतंय. डोकं कसं दाबायचं ते मी सांगितलं. "बरं," म्हणाली आणि कूस बदलली.

२० मार्च, गुरुवार

निकाल लिहून पाठवला. संपादकबाईंनी छापील फॉर्म दिले होते, पण फॉर्मात मावेल इतकं माझं म्हणणं थोडकं नसतं. मी थेट त्यांच्या कागदांवरच, समासात, हिरव्या शाईने लिहिलं. सत्तावीसवर सगळ्यात जास्त मेहनत घेतली, चौदा दुरुस्त्या. नवेपणा बारा, नियम तीन, धास्ती दोन. शेवटी लिहिलं: "याच्यात भीती कुठे आहे? कोण घाबरेल याला? वगळावा."

पाकीट टपालात टाकल्यावर मोकळं वाटायला हवं होतं, पण जिवाला चैन नाही. दोनदा परत पेटीपर्यंत जाऊन आलो. एक जुनी गोष्ट उगीच आठवते आहे. लेक दहा वर्षांची असताना माळ्यावरून सातवेशीची पुस्तकं काढून तिने मला खेळवायला घेतलं होतं. उशांची वेस केली होती. मी तिला नियम समजावून देत होतो, एकेक, प्रेमाने. दुसऱ्या वेशीपर्यंत आलो आणि तिला कंटाळा आला. पुस्तकं परत माळ्यावर गेली. मुलांचं असंच असतं, कशात टिकून म्हणून राहत नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

लेक सारखी दाराकडे बघते. टपालवाल्याची सायकल वाजली की धावते. मी म्हटलं, परीक्षेला चार आठवडे आहेत, टपालात उत्तरं येत नसतात. विनोद होता तो. "बरं बाबा." हसली नाही.

२९ मार्च, शनिवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

दुपारी मी टेबलाचा पाय घट्ट करत होतो. लेक आली आणि तिने एक कागद समोर ठेवला. झेरॉक्स होती, पण अक्षर माझं. परीक्षकांचे शेरे टंकून लिहिणाऱ्यांना पाठवायचे, असं ठरलेलं होतं. माझे शेरे समासात होते, त्यामुळे संपादकबाईंनी तो कागदच जसाच्या तसा झेरॉक्स करून पाठवला. वर गोलात २७.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "हा तुझ्याकडे कसा आला?" तिने कागद आणखी पुढे सरकवला. मग कळलं. पान्हा हातातच राहिला.

"तू लिहिलंस हे?"

तिने मान हलवली.

खरं सांगायचं तर माझ्या तोंडून पुढे जे निघालं त्याची आता शरम वाटते. मी म्हटलं, "मग आधी दाखवायचं ना, मी नीट करून दिलं असतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. वर्षभरात तिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं नसेल. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही विचारलंय, कोण घाबरेल याला. मी घाबरते बाबा. आईसुद्धा. जिन्यात तुमची पावलं वाजली की आम्ही दोघी चमच्यांचा खण तपासतो."

"मी तुम्हाला कधी मारलंय?"

"तो मारत नाही," ती म्हणाली, "पहिल्याच ओळीत लिहिलंय." ती पहिली ओळ नव्हती, तिसरी होती. हे मी तिला सांगितलं नाही. देवाशपथ, जीभ चावून गप्प बसलो.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला ठाऊक होतं, सुरुवातीपासून. दवाखान्यात त्या खुर्चीवर बसली तेव्हाही ठाऊक होतं.

३० मार्च, रविवार

हे सगळं लेकीचं पोरपण आहे, अतिशयोक्ती आहे, हे स्वतःला पटवायला ही वही पहिल्यापासून वाचली. एकाआड एका तारखेला कुणी ना कुणी मला तो शब्द म्हणालंय. आणि मी खाली लिहिलंय: परीक्षा जवळ आली, उन्हाळा आला, डोकं दुखतंय. मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. काटा तपासणाऱ्या माणसाने मोजणं अर्धवट सोडलं, असं आजवर झालेलं नाही.

मी वाईट माणूस नाही. हे वाक्य तीनदा खोडलं. राहू दे.

२ एप्रिल, बुधवार

रजा टाकून, सकाळची पहिली गाडी पकडून प्रकाशकांकडे गेलो. संपादकबाईंचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, छपाईच्या कागदांचे गठ्ठे, एकच पंखा. मी म्हटलं, सत्तावीसचे मार्क बदलायचे आहेत, धास्ती दोन नाही, वीस. लिहून देतो, सही करतो.

बाईंनी चष्मा काढला. "तुमचे मार्क धरलेच नाहीत आम्ही. ती तुमची मुलगी आहे हे तिनेच कळवलं, परवा फोन करून. घरच्या माणसाचे मार्क चालत नाहीत."

"पण मी कमी दिले होते!"

"जास्त दिले असते तरी चालले नसते."

"मग तिचं काय?"

"बाकी दोघा परीक्षकांना तिचा राक्षस आवडलाय. पण उपायाचा रकाना कोरा आहे. हरवता येत नाही असा राक्षस आम्ही छापत नाही, खेळणाऱ्यांनी करायचं काय? बारा तारखेपर्यंत तिने उपाय लिहून फोनवर कळवला तर जागा तिची, नाहीतर सहाव्या नंबरला जाईल."

मी विचारलं, मी काही सुचवलं तर चालेल का? बाई हसल्या. म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

कुणी मला असं विचारलं की मी लगेच उत्तर देतो. आज नुसता नमस्कार केला आणि निघालो. परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळूनही सगळा प्रवास उभ्याने केला.

८ एप्रिल, मंगळवार

चार दिवस राहिले. ती खोलीत बसते, लिहिते, फाडते. कचऱ्याच्या डब्यात बोळे दिसतात. एकही उचलून वाचला नाही. लिहायला ही एकच ओळ, पण सोपं नव्हतं.

माझ्याकडे तीन उपाय तयार आहेत, तिन्ही नियमांत चपखल बसतात. पहिला तर फारच सुंदर आहे. मनातल्या मनात तो दहादा म्हणून झाला. दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो, दुसऱ्यांदा कडीवर हातही ठेवला होता. हिने मागून बघितलं आणि म्हणाली, "अहो, जरा बाहेर फिरून या." एरवी मी म्हटलं असतं, ऊन आहे, ही काय वेळ आहे फिरायची. गेलो. मैदानाला सात फेऱ्या मारल्या. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं आहे. ऑफिसात एका काट्यावर उलटा शिक्का मारला.

तिला जागा मिळाली नाही तर ती माझ्या शेऱ्यांमुळे नसेल, नियमाप्रमाणे मी मोकळा आहे. पण तिने तो रकाना कोरा का ठेवला असेल, हा विचार जात नाही. उपाय तिला सुचला नसेल असं नाही. इथे राहून तो लागू पडताना तिला कधी दिसला नसेल.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी तिने आम्हा दोघांना टेबलाशी बसवलं. हातात एकच कागद. "वाचून दाखवते, मग कळवते. मत मागत नाहीये."

वाचायला लागली. "नीटोबा मरत नाही. पण त्याच्यासमोर एखाद्याने आपलं वाक्य, चुकीचं असलं तरी, शेवटपर्यंत..."

"'चुकीचं का असेना' असं हवं," मी म्हटलं. तोंडातून सुटलंच. हिने डोळे मिटले.

लेक थांबली नाही. आवाज जरा कापला, पण तसाच चढवला. "चुकीचं असलं तरी, शेवटपर्यंत पुरं केलं, तर नीटोबाचं बळ एकाने कमी होतं. तो मध्ये बोलेल. थांबायचं नाही."

"एकाने?" मी म्हटलं. "त्याचं बळ इतकं वाढलेलं असताना एकाने काय होणार? पाचाने तरी कर. खेळ संपायचा नाही."

"नाही."

"अगं, नियमांचा तोल..."

"नाही बाबा. एकानेच. मी एकवीस वर्षं खेळलेय त्याच्याशी, तुम्ही नाही."

ही मान खाली घालून बसली होती, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. बघितलं तर हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. मग लेकही हसली. मी हसलो की नाही ते लक्षात नाही. वाईट वाटत होतं, आणि हायसंही, दोन्ही एकदम. छातीत असं होतं हे मला माहीत नव्हतं.

दुपारी तिने फोनवरून उपाय कळवला. मी गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो. संध्याकाळी उलट फोन आला. जागा तिची. हिशेबनिशीची परीक्षा देऊन महिनाअखेरीला जाणार.

१६ एप्रिल, बुधवार

तिने तिथे खोली बघितली आहे, एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या वरच्या मजल्यावर. पहिल्या महिन्यानंतर घरचे भेटायला येऊ शकतात, असं त्या लेखनशाळेच्या पत्रात आहे.

रविवारी मी विचारलं. प्रश्न आधी मनात दोनदा घोळवला आणि त्यातलं 'कधी' काढून टाकलं, कारण 'कधी येऊ' म्हणजे यायचं आपणच ठरवून टाकलेलं. विचारलं, "आम्ही आलो तर चालेल का?"

ती पिशवीत पुस्तकं भरत होती. आडवीतिडवी, मोठी वर, छोटी खाली. थांबली. खरंच विचार करत होती, उगीच नाही.

"आई आली तर चालेल," म्हणाली. "तुमचं सांगते नंतर."

आज बुधवार आहे. अजून सांगितलेलं नाही.